घट

मसजिद बंदरला, मांडवीत, तिसऱ्या माळ्यावर
करमशी शेठच्या वखारीत मी वजनं लिहितो.
दिवसभर गोणी, बारदान, निव्वळ.
संध्याकाळी काट्यावर फडकं पडलं की
पाठकोऱ्या बिलांवर कादंबरी.

नऊ वर्षं झाली.
बायको विचारते, मेला का तो ठाणेदार?
मी म्हणतो, अजून नाही.

माहीमचं बंदर आहे तिच्यात.
सुलतान लांब, चांपानेरला.
इथे त्याच्या नावाने मलिक याकूत जकात खातो,
बोटांत आठ अंगठ्या, आणि ताटात
मिरी इतकी, की वाढपी शिंकत वाढतो.
(पहिल्या खर्ड्यात मी त्याला मिरची खाऊ घातली.
मग कळलं, मिरची तेव्हा समुद्रापलीकडेच होती.
अख्खं प्रकरण रद्दीत.)

कण्णूरहून तारू येतं.
गोणी काट्यावर चढते,
दोन शेर कमी भरते.
उतरवून घेणारा केसो, तोलाराचा धाकटा भाऊ.
मलिक मान वर न करता म्हणतो, हात.
एवढंच. पुढचं वर्णन मी तीनदा लिहिलं,
तीनदा खोडलं. हात वाळूत राहिला.

थोरला पोमाजी तोलार चौदा वर्षं थांबतो.
मी त्याला मुदपाकखान्यात लावला,
बचनाग आणून दिला, मिरीत खलून,
चव लागू नये असा.
हातात थाळी दिली, दारापर्यंत आणला.
तिथे तो उभा आहे.
गेल्या मार्चएंडपासून.
आत जात नाही.

परवा आमच्याकडे एक लॉट
तीन किलो सातशे ग्रॅम कमी भरला.
ज्ञानू शेळकंदेने वाहिलेला.
शेठ म्हणाले, याच्या हजेरीतून कापा.
मी लिहिलं.
शेळकंदे बोलला नाही काही,
डोक्यावरची खोळ काढून झटकली,
चार दाणे पडले,
ते वेचून त्याने गोणीत टाकले.

रात्री बसलो. पोमाजी दारातच.
थाळी निवलेली.
त्याने मला विचारलं, आणि हे वाक्य
मी लिहिलेलं नव्हतं:
ओली मिरी महिनाभर तारवात सुकली
तर वजन जातं कुठे?

वाऱ्यावर, म्हणालो मी.

हे कुणाकुणाला ठाऊक असतं?

वखारीत? शेंबड्या पोरालाही.

मग मलिकाला कुणी सांगितलं, चोरी?

मी पानं मागे चाळली. तीनशे. दीडशे. नव्वद.
एकविसाव्या पानावर, काट्याच्या सावलीत,
एक कारकून बसवलाय मीच, शोभेला.
नाव द्यायचं राहूनच गेलंय त्याला.
वहीत लिहितो: घट, दोन शेर.
आणि पुढे, कुणी विचारलेलं नसताना:
चोरी.
अक्षर मोत्यासारखं, असंही
लिहून ठेवलंय मी. कौतुकाने.

पोमाजी वळला.
थाळी सांभाळत उलटा निघाला,
तीनशे, दीडशे,
घाई नाही त्याला, सांडू देत नाही काही.
नव्वदपाशी मी दिवा घालवला.

सकाळी शेठच्या आधी वखार उघडली.
वही काढली. शेळकंदेच्या नावापुढचं खोडलं
(खोडाखोड आमच्यात चालत नाही,
बाजूला सही लागते)
आणि लिहिलं: सुकवण.
सही केली. आद्याक्षरांची नाही, पुऱ्या नावाची.

शेठ दहाला येतात.
दहाला दहा कमी असताना
जिन्यात कुणीतरी शिंकलं.

शेठ शिंकत नाहीत.
चाळीस वर्षांत नाक मेलंय त्यांचं.